नायक, प्रस्तावनाकार आणि गाळलेली पात्रे

मुंबईत गेली पंचवीस वर्षे एक गद्यप्रकार विपुल लिहिला जातो आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. हा प्रकार म्हणजे नव्या तंत्रज्ञान-कंपन्यांची, त्यातही मोबाइल फोनवर उभ्या राहिलेल्या कंपन्यांची, स्वतःविषयीची कथा. संस्थापक कोण, त्यांचे शिक्षण कुठे झाले, कल्पना कशी सुचली, पैसे कोणी लावले. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर, सत्कार-समारंभांतल्या परिचयांत, महाविद्यालयांतल्या उद्योजकतेवरच्या व्याख्यानांत ती एकाच साच्यात पुनःपुन्हा सांगितली जाते. तिची भाषा बहुधा इंग्रजी असते. मराठीत ती येते ती अनुवादाचे बोट धरून. म्हणून ती आपली नव्हे असे समजून आपण ती वाणिज्य शाखेकडे सोपवतो आणि मोकळे होतो. माझे म्हणणे असे, की ही कथा साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचली पाहिजे, आणि बखर, चरित्र किंवा कादंबरी वाचताना जी हत्यारे आपण वापरतो तीच वापरून वाचली पाहिजे. कारण आपल्या वर्गांतून बी.ए., एम.ए. होऊन बाहेर पडणारी कितीतरी मुले-मुली या कथेच्या पोटात नोकरीला जातात, आणि कथेत मात्र त्या कुठेच नसतात.

प्रथम या गद्याची घडण पाहू. तिची तीन अंगे सहज वेगळी काढता येतात. पहिले अंग वंशावळीचे. संस्थापक अमुक आयआयटीचा, अमुक परदेशी विद्यापीठाचा, पूर्वी अमुक कंपनीत होता. बखरकार जसा मूळ पुरुषापासून आरंभ करतो आणि कुळाची थोरवी सांगून वाचकाला पुढच्या पराक्रमासाठी तयार करतो, तसेच हे आहे. दुसरे अंग संकटकथेचे. वसतिगृहाची खोली, रात्री न मिळालेले जेवण, भाड्याचे घर शोधताना झालेली दमछाक, आणि त्यातून सुचलेली कल्पना. तिसरे अंग आशीर्वादाचे, म्हणजे गुंतवणूकदारांच्या नावांचे. पूर्वी नवा कवी आपल्या पहिल्या संग्रहाला एखाद्या मान्यवर साहित्यिकाची प्रस्तावना मिळावी म्हणून खटपट करी. प्रस्तावनेत कवितेविषयी काय म्हटले आहे हे पुष्कळदा गौण असे; मुखपृष्ठाच्या आत ते नाव असणे हेच पुरेसे होई. भांडवलदार संस्थेचे नाव नेमके हेच काम करते. अमक्याने पैसे लावले आहेत म्हणजे तमक्याने लावायला हरकत नाही, बातमीदाराने दखल घ्यायला हरकत नाही, आणि तरुणाने तिथे नोकरी धरायला हरकत नाही. फरक एवढाच, की प्रस्तावनाकार पुस्तक पुढे कसे संपावे यात हात घालत नसे. गुंतवणूकदार घालतो.

हे अमूर्त राहू नये म्हणून पवईच्या परिसराशी आणि तिथल्या आयआयटीशी नाते सांगणारी तीन उदाहरणे घेऊ.

पहिले 'गपशप'चे. बीरूद शेठ आणि राकेश माथुर हे दोघे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी. माथुर हे 'जंगली' या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक; ती १९९८ साली अॅमेझॉनने विकत घेतली. शेठ हे 'ईलान्स' या, घरबसल्या काम करणाऱ्यांना काम मिळवून देणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी. दोघांनी २००४ साली 'वेबारू' नावाची कंपनी काढली. इंटरनेट सतत हाताशी नसे तो हा काळ. तेव्हा निवडक मजकुराचे गठ्ठे संगणकात भरून ठेवावेत आणि जोडणीवाचून शोधता यावेत, ही मूळ कल्पना. ती रुजली नाही. मग कंपनीने मोहरा वळवला आणि २००७ च्या सुमारास 'एसएमएस गपशप' सुरू झाले. कोणीही एक गट काढावा, एक संदेश लिहावा, तो गटातल्या सगळ्यांना जावा. लिहिणाऱ्याकडून गटभर पाठवण्याचे पैसे घेतले जात नसत. प्रत्येक संदेशामागे दूरसंचार कंपनीला मोजावी लागणारी रक्कम 'गपशप' भरत असे, आणि ती जाहिरातींतून भरून निघावी अशी अपेक्षा होती. म्हणजे गट जितके वाढतील तितका खर्च वाढणार, आणि तो भरून काढणारे नाव गुंतवणूकदाराचे असणार.

या गुंतवणूकदारांत 'हेलियन' ही संस्था होती. तिच्या संस्थापकांपैकी एक आशिष गुप्ता, आणि हे गुप्ता 'जंगली'मध्ये माथुरांचे सहसंस्थापक. यात गैर काही नाही. ज्याला पारखले आहे त्यालाच पैसे द्यावेत हे सावकारीइतके जुने शहाणपण आहे. परंतु गुणवत्तेच्या मोकळ्या मैदानाची जी प्रतिमा ही कथा उभी करते, तिच्या जागी इथे एक गोत्र दिसू लागते. संस्थापक आणि गुंतवणूकदार ही दोन स्वतंत्र पात्रे आहेत असे समजून आपण वाचत असतो. प्रत्यक्षात तीच मंडळी एका अंकात नायक आणि दुसऱ्या अंकात सूत्रधार असतात.

आता 'गपशप'च्या कथेत जे येत नाही ते पाहू. भाषेच्या अभ्यासकाने तरी ते विसरू नये. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. ही १६० ची मर्यादा १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने सुचवली. त्याने टंकलेखन यंत्रावर मनाला येतील ती वाक्ये लिहून पाहिली, अक्षरे मोजली, पोस्टकार्डांवरचा मजकूर किती असतो याचाही विचार केला, आणि एवढ्यात माणसाचे बोलणे मावते असे ठरवले. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र सोळा बिट लागतात, म्हणून तिच्या वाट्याला ७० चिन्हे येतात. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सारे वेगवेगळे मोजले जाते. 'स्वातंत्र्य' हा शब्द आपण लिहितो तेव्हा तीन अक्षरे दिसतात. यंत्र ती अकरा मोजते. म्हणजे सत्तरातली अकरा एका स्वातंत्र्यात संपली. चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'मुळे घरोघरी पोहोचलेली चारोळी या सत्तर चिन्हांत क्वचितच मावे. एकाचे दोन संदेश करा, दुप्पट पैसे मोजा, आणि समोरच्या फोनवर चौकोन उमटणार नाहीत अशी आशा करा; नाहीतर रोमन लिपीत लिहा. लोकांनी रोमन पत्करली. मराठी माणसाला आपल्या लिपीचा अभिमान उरला नाही असे त्या काळी व्यासपीठांवरून सांगितले जाई. लिपीची किंमत किती आणि ती कोणी ठरवली, हे विचारण्याचे मात्र फारसे कोणाला सुचले नाही.

तर हे गट ज्यांनी चालवले, ज्यांनी रोज सकाळी सुविचार, विनोद, क्रिकेटचे धावफलक, भजनाच्या वेळा आणि चारोळ्या लिहून पाठवल्या, त्यांनीच 'गपशप'ला आकडे मिळवून दिले आणि त्या आकड्यांवर भांडवल उभे राहिले. त्यांचे नाव कथेत 'वापरकर्ते' असे सामुदायिक येते. लेखक म्हणून ते कधीच आले नाहीत. पुढे २०११ च्या सप्टेंबरात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नको असलेल्या जाहिराती रोखण्यासाठी एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली. नोव्हेंबरात ती २०० झाली. व्यावसायिक संदेशांवरचे निर्बंधही कडक झाले. त्याच सुमारास व्हॉट्सअॅप हातोहाती पोहोचू लागले. 'गपशप'ने पुन्हा मोहरा वळवला आणि बँका, दुकाने, कंपन्या यांचे संदेश ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याचा व्यवसाय धरला. एप्रिल २०२१ मध्ये टायगर ग्लोबलने तीत १० कोटी डॉलर गुंतवले आणि कंपनीचे मूल्य १४० कोटी डॉलर ठरले. त्याच वर्षी जुलैत आणखी २४ कोटी डॉलर आले. चिकाटीची कथा म्हणून ती वाचावीच, सतरा वर्षे टिकून राहणे ही लहान गोष्ट नव्हे. पण जे गट आपापसांत गप्पा मारत होते ते या कथेतून कधी उठून गेले, हे कळायला वाचकाला जागाच ठेवलेली नाही. कंपनीचे नाव तेवढे 'गपशप' राहिले.

दुसरे उदाहरण 'टायनीआउल'चे. हर्षवर्धन मंडाड आणि त्यांचे चार सहकारी, सारे आयआयटी मुंबईचे. २०१४ साली मोबाइलवरून जेवण मागवण्याचे अॅप त्यांनी काढले. मागे सिक्वोइया, नेक्सस आणि मॅट्रिक्स अशी तीन वजनदार नावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुमारे १०० कोटी रुपये मिळाले. कंपनीने भराभर शहरे वाढवली, माणसे घेतली. सप्टेंबरात कपात झाली. नोव्हेंबरात पुन्हा कपात झाली आणि पुण्यासह काही शहरांतले कामकाज आवरते घेण्यात आले. पुण्याच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांना हे सांगायला एक सहसंस्थापक गेले, तेव्हा थकीत देण्याचा पूर्ण हिशेब हाती पडल्यावाचून कर्मचाऱ्यांनी त्यांना जाऊ दिले नाही. रात्र कार्यालयातच गेली, पोलीस आले, वाटाघाटी झाल्या. २०१६ साली ही कंपनी 'रोडरनर' या सामान पोहोचवणाऱ्या कंपनीत विलीन झाली, तिचे नाव 'रनर' झाले, आणि २०१७ साली ती झोमॅटोने घेतली.

कोणाला कार्यालयात अडवून ठेवणे समर्थनीय नाही, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. ज्या तरुणाला ती रात्र काढावी लागली तोही काही कारखान्याचा मुरलेला मालक नव्हता. विशीतल्या अभियंत्यांनी काढलेल्या कंपनीतला तो एक होता. पण कथनाच्या दृष्टीने त्या रात्रीचे महत्त्व वेगळे आहे. तोवर वृत्तपत्रांत छापून आलेल्या या कंपनीच्या कथेत पाच संस्थापक आणि तीन गुंतवणूकदार एवढीच पात्रे होती. त्या रात्री नेपथ्यामागे वावरणारी माणसे रंगमंचावर आली आणि त्यांनी नायकाला जाण्यापासून रोखले. बातम्यांनी त्या प्रसंगाला 'ओलीसनाट्य' म्हटले. नाट्य हा शब्द किती सहज आला पाहा. हातात हिशेबाचा कागद घेतलेली माणसे खलपात्रे ठरली, कारण कथेत त्यांच्यासाठी दुसरी भूमिका लिहिलेलीच नव्हती. आणि तिन्ही प्रस्तावनाकार त्या रात्री पुण्यात नव्हते.

ते का नव्हते हे समजण्यासाठी साहसी भांडवलाचा व्यवहार थोडा समजून घ्यावा लागतो. असा निधी साधारणतः दहा वर्षांसाठी उभारला जातो. त्यातला पैसा पुष्कळदा परदेशी विद्यापीठांच्या ठेवींचा, निवृत्तिवेतन निधींचा, धनाढ्य कुटुंबांचा असतो. निधीचे व्यवस्थापक तो पंचवीस-तीस कंपन्यांत विभागतात. त्यांतल्या बऱ्याच बुडणार, काही जेमतेम मुद्दल देणार, आणि एखाददुसरी इतके देणार की साऱ्यांची भरपाई व्हावी, हे आरंभापासून गृहीत असते. शिवाय करारात बहुधा असे कलम असते, की कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदाराचा पैसा आधी वळता व्हावा, मग संस्थापकांचा आणि समभाग मिळालेल्या कर्मचाऱ्यांचा विचार व्हावा. अपयश हे गुंतवणूकदाराच्या हिशेबात आधीच लिहिलेले असते. त्याचे त्याला दुःख नाही असे नव्हे, पण त्याची त्याला तरतूद आहे. संस्थापकालाही ते अनुभव म्हणून पुढच्या कंपनीच्या वंशावळीत लिहिता येते. तिसऱ्या माणसाकडे, म्हणजे ऑर्डरी जुळवणाऱ्या, हॉटेलांशी बोलणाऱ्या, तक्रारी ऐकणाऱ्या माणसाकडे पंचवीस नोकऱ्या नसतात, एकच असते. धोका सर्वांनी मिळून पत्करला असे कथा सांगते. धोका सर्वांनी पत्करला होता हे खरे. तो विभागून मात्र एकट्या गुंतवणूकदारालाच घेता आला होता.

तिसरे उदाहरण 'हाउसिंग'चे, आणि ते नायक-प्रस्तावनाकार संबंधाचे. आयआयटी मुंबईच्या बारा तरुणांनी २०१२ साली घरे शोधून देणारी ही कंपनी काढली. डिसेंबर २०१४ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने ९ कोटी डॉलर आले. मे २०१५ च्या आरंभी मुख्याधिकारी राहुल यादव यांचे एक राजीनामापत्र गाजले. संचालक मंडळाच्या बौद्धिक कुवतीवरच त्यांनी त्यात शंका घेतली होती. मग ते पत्र मागे घेतले गेले, क्षमायाचना झाली, काही दिवसांत यादव यांनी आपले सारे समभाग कर्मचाऱ्यांना देत असल्याचे जाहीर केले, आणि १ जुलैला मंडळाने त्यांना पदावरून दूर केले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनी 'प्रॉपटायगर'मध्ये विलीन झाली. वृत्तपत्रांनी हे सारे एका बंडखोर नायकाचे आख्यान म्हणून रंगवले. आपल्याला मात्र त्यातून एक रचनात्मक सत्य दिसते. संस्थापक हा निवेदक आहे अशी जी समजूत कथा करून देते ती एका मर्यादेपर्यंतच खरी असते. निवेदकाला कथेतून काढून टाकण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो खरा कर्ता. आणि तो प्रथमपुरुषी कधीच बोलत नाही.

इथे कोणी म्हणेल, हे सारे मुंबईला नवे नाही. गिरण्यांच्या काळातही भागधारक, मालक आणि कामगार होतेच. बरोबर. म्हणूनच तुलना करावीशी वाटते. गिरणीच्या काळात मराठी साहित्याने कामगार पाहिला. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' गिरणीत शिरली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप विझून गेल्यावर त्याच्या राखेत जगणाऱ्या कुटुंबाचे नाटक जयंत पवारांनी 'अधांतर'मध्ये लिहिले. त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांनी घाटकोपरला दवाखाना चालवताना आधी संघटित केले ते दगडखाणींतल्या मजुरांना. आणि १६ जानेवारी १९९७ ला त्यांची हत्या झाली ती पवईत, त्यांच्या घरालगत. ज्या पवईतून संस्थापकांच्या कथा सुरू होतात, त्याच पवईच्या रस्त्यावर मुंबईच्या कामगार चळवळीचा एक अध्याय संपला. त्या चळवळीविषयी मतभेद असू शकतात, आणि ते तीव्रही असू शकतात. पण जागेला ही स्मृती आहे, आणि पवईवर लिहिल्या गेलेल्या नव्या गद्यात तिचा मागमूस नाही.

चेंबूरला ही तुलना आणखी जवळून दिसते. इथे १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले, तुर्भ्याचे औष्णिक वीज केंद्र आले, अणुशक्ती केंद्र आले. मग खतांचा कारखाना. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स म्हणजे आरसीएफ १९७८ साली स्वतंत्र कंपनी झाली. या कारखान्यांनी चेंबूरच्या हवेचे काय केले हे इथल्या कोणत्याही दम्याच्या रुग्णाला विचारावे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण कंपनी कोणाची बनली आहे हे चेंबूरमध्ये डोळ्यांना दिसत असे. आरसीएफ वसाहत, अणुशक्तीनगर या वसाहतींतून पाळी बदलताना रस्ता भरून वाहे. कंपनी म्हटले की ती माणसे आठवत. अध्यक्षांचे नाव शेजाऱ्याला ठाऊक नसे आणि त्यावाचून काही अडत नसे. आज त्याच रस्त्यांवर पाठीला चौकोनी पेटी लावून तरुण धावतात. त्यांच्या कंपन्यांच्या संस्थापकांची नावे शाळकरी मुलांना पाठ आहेत. पेटी वाहणारा मात्र ज्या घरात जेवण देतो त्या घरासाठी फोनच्या पडद्यावरचा एक सरकणारा ठिपका असतो. गंमत अशी, की साहित्याच्या आधी कायद्याने या पात्राला नाव दिले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' अशा संज्ञा व्याख्येसह नोंदवल्या, त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी असे म्हटले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अंमलबजावणी कशी होते ते पाहायचे. पण ज्याला कथेने अनामिक ठेवले त्याला निदान राजपत्राने संज्ञा दिली.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की मराठी माणसाला उद्योजकाचा मुळातच आकस. कोणी काही उभे केले की त्याच्या पायाखालची माती उकरण्यात आपण तरबेज. या आक्षेपाला माझे उत्तर किर्लोस्करांचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. त्यांचे आश्रयदाते औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आजच्या भाषेत बोलायचे तर तेच त्यांचे गुंतवणूकदार. पुढे १९२० साली कारखान्याची माहिती देण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' निघाले. म्हणजे तेही कंपनीचे स्वतःविषयीचे गद्यच होते. शंकरराव किर्लोस्करांनी त्यात वाचकांना, लेखकांना, वादांना शिरू दिले आणि बघता बघता त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' निघाले. नांगराच्या जाहिरातीपासून निघालेले हे गद्य मराठी मध्यमवर्गाच्या वैचारिक जडणघडणीचा भाग बनले. किर्लोस्करवाडीत सारे आलबेल होते असा दावा मी करत नाही. एवढेच म्हणतो, की कंपनीच्या कथेत इतरांना बोलू देणे शक्य असते. त्याने कंपनी बुडत नाही, आणि साहित्य मात्र समृद्ध होते. आकस उद्योजकाशी नाही, एकसुरी निवेदनाशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. महिन्याच्या एक तारखेला वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्या प्राध्यापकाने जोखीम पत्करणाऱ्यांना नीतीचे धडे द्यावेत काय? या आक्षेपाचा रोख मान्य करून मी तो आपल्याच आवारात वळवतो. महाराष्ट्रातल्या वरिष्ठ महाविद्यालयांत आज किती वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या भरवशावर चालतात हे वाचकांपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. नेट-सेट झालेली, कोणी पीएच.डी. झालेली माणसे तासावर मोबदला घेतात, सुट्टीत तोही नाही, आणि पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही हे जूनपर्यंत कळत नाही. महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या संगमरवरी पाटीवर अध्यक्ष, विश्वस्त आणि देणगीदार यांची नावे सोनेरी अक्षरांत कोरलेली असतात. वार्षिक अंकाच्या पहिल्या पानांवर त्यांची छायाचित्रे असतात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेचे नाव वेळापत्रकात, तेही बहुधा आद्याक्षरांत. नेतृत्व आणि गुंतवणूकदार यांचीच ओळख करून द्यायची, आणि ज्यांच्या श्रमावर संस्था रोज उघडते त्यांना तळटीपही द्यायची नाही, ही शैली स्टार्टअपने शोधून काढलेली नाही. ती आपल्या संस्थाजीवनाची जुनी शैली आहे. नव्या कंपन्यांनी तिला फक्त वेग दिला. म्हणूनच ती वाचायला शिकणे हे परक्या घरात डोकावणे ठरत नाही.

मग करायचे काय? मी कोणत्या चळवळीची हाक देत नाही. वर्गात करता येण्याजोगे एक काम सुचवतो. पदवीच्या 'व्यावहारिक मराठी'च्या अभ्यासक्रमात आपण विद्यार्थ्यांकडून जाहिरात लिहून घेतो, बातमी लिहून घेतो, नोकरीचा अर्ज लिहून घेतो. म्हणजे या गद्याचे कारागीर तयार करतो. त्याच्याच जोडीला एका कंपनीची संस्थापक-कथा घ्यावी आणि तिला चार प्रश्न विचारावेत. हिचा निवेदक कोण आणि त्याला काढून टाकण्याचा अधिकार कोणाकडे आहे? पैसा कोणाचा, आणि बुडाला तर आधी कोणाला परत मिळायचा? अपयशाचे प्रसंग कोणत्या शब्दांनी झाकले आहेत? आणि कोणती पात्रे क्रियापदांत आहेत पण नामांत नाहीत, म्हणजे 'जेवण पोहोचवले जाते', 'तक्रार सोडवली जाते' अशा कर्मणी वाक्यांमागे कोण उभे आहे? हा शेवटचा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत राजकीय आहे. कर्मणी प्रयोग आपण आठवीत शिकवतो. कर्ता कुठे गेला, हे मात्र विचारायला शिकवत नाही.

या चार प्रश्नांनी कोणाचा धंदा बसणार नाही. पण पुढच्या वर्षी आपल्याच वर्गातली एखादी मुलगी अशा कंपनीत मुलाखतीला जाईल, समोर संस्थापकांची थोरवी आणि गुंतवणूकदारांची नावे मांडली जातील, तेव्हा ती निदान विचारू शकेल, की नोटिशीची मुदत किती, थकीत देणे कोण देणार, आणि समभाग देणार असाल तर विक्रीच्या वेळी माझा क्रमांक कितवा. साहित्याच्या शिक्षणातून एवढे वाचन तिच्या हाती लागले, तर कथेत तिला पात्र म्हणून जागा मिळण्याची निदान एक सुरुवात होईल.